दस्तुरखुद्द : जुन्या ब्लूज गायकांच्या स्वाक्षऱ्या आणि त्यांची पारख
(नभोवाणीवरील भाषण)

शाळामास्तराच्या डोळ्यांखालून आयुष्यांत किती सह्या जातात याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. प्रगतिपुस्तकें, दाखले, फीचे कागद, आणि सर्वांत अधिक म्हणजे रजेच्या चिठ्या. या चिठ्यांवरील पालकाची सही खरी कीं खोटी, हें ओळखण्याची एक नजर मास्तराला आपोआप येते. मलाहि ती आली होती, आणि तिचा मला थोडा अभिमानहि होता. सेवानिवृत्त झाल्यावर जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा छंद मला लागला आणि त्या छंदानें मला दूर अमेरिकेंत, मिसिसिपी नदीच्या कांठीं नेलें. तेथल्या ब्लूज नांवाच्या गाण्याचे जे आरंभींचे गायक, त्यांच्या स्वाक्षऱ्या जमविणारे आणि पारखणारे लोक आज अनेक देशांत आहेत. त्यांची विद्या काय आहे, ती कोठें चालते आणि कोठें अडते, हें आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. माझ्या शाळेंतील एका चिठीची हकीकतहि ओघांत सांगेन. कारण या विद्येचें मर्म मला त्या चिठीनेंच शिकविलें.

प्रथम ब्लूज म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांमध्यें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, हें गाणें आकारास आलें. त्याची बांधणी साधी असते. पहिली ओळ गावयाची, तीच पुन्हां गावयाची, आणि तिसऱ्या ओळीनें तिला उत्तर द्यावयाचें. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई ओवींत आपलें सुखदुःख सांगून मोकळी होते, त्याच जातीचें हें गाणें म्हणावयास हरकत नाहीं. डब्ल्यू. सी. हँडी यानें १९१२ सालीं 'मेम्फिस ब्लूज' हें गीत स्वरलिपींत छापून प्रसिद्ध केलें. १९२० च्या ऑगस्ट महिन्यांत मेमी स्मिथ या गायिकेनें 'क्रेझी ब्लूज' हें गीत ध्वनिमुद्रिकेसाठीं गायिलें, आणि ती मुद्रिका इतकी खपली कीं कंपन्यांचें लक्ष या गाण्याकडे वळलें. पुढील दहा वर्षांत कितीतरी गायक-गायिका यंत्रापुढें गाऊन गेल्या. १९२९ नंतरच्या मंदीनें तो धंदा बसला, आणि त्यांपैकीं पुष्कळ माणसें पुन्हां शेतांत, कारखान्यांत आणि रेल्वेच्या कामावर गेलीं. जगाच्या लेखीं तीं संपलीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या माणसांच्या सह्या इतक्या दुर्मिळ कां? पहिलें कारण असें कीं, सहीसाठीं ती मागणारा कोणी लागतो. शनिवारीं रात्रीं मळ्यावरील एखाद्या खोपटांत, नाचणाऱ्या मजुरांपुढें जो गिटार वाजवीत असे, त्याच्यापुढें वही धरावी असें कोणास सुचणार? ऐकणारे गरीब, आणि गाणाराहि त्यांच्यांतलाच. दुसरें कारण अधिक कडू आहे. मिसिसिपी राज्यानें १८९० सालीं जी घटना केली तींत, मतदारानें घटनेचा एखादा उतारा वाचून दाखवावा किंवा त्याचा अर्थ सांगावा अशी अट घातली, आणि कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठीं ती अट राबविली. एकीकडे ही अट, आणि दुसरीकडे त्यांच्या मुलांच्या शाळा तुटपुंज्या, त्याहि कापसाच्या हंगामाप्रमाणें चालणाऱ्या. ज्या समाजाभोंवतीं अक्षराचेंच कुंपण घातलें गेलें, त्यांतील गायकांच्या सह्या विपुल कशा असाव्या? तिसरें कारण असें कीं, ज्या थोड्या कागदांवर त्यांनीं सही किंवा खूण केली, ते जपून ठेवण्यासारखे आहेत असें त्या काळीं फारसें कोणास वाटलें नाहीं.

वस्तु दुर्मिळ आणि तिला मागणी मोठी, असें झालें कीं खोटा माल बाजारांत येतोच. म्हणून पारखी लागतो. या पारख्याचा पहिला प्रश्न 'सही चांगली आहे काय' असा नसतो. 'ही कोणाच्या हातची' असा असतो.

या प्रश्नाचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. ब्लाइंड लेमन जेफर्सन हा टेक्सासचा अंध गायक. १९२६ पासून पुढें तीन-चार वर्षें पॅरामाउंट कंपनीच्या मुद्रिका त्याच्या गळ्यावर खपल्या, आणि १९२९ च्या डिसेंबरांत शिकागो येथें तो वारला. त्याचें एक छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. भरदार शरीर, डोळ्यांवर चष्मा, हातीं गिटार, आणि त्यावरच वळणदार इंग्रजी अक्षरांत 'आपला स्नेहांकित' अशा अर्थाचे शब्द व त्याचें नांव. पाहणाऱ्यास वाटतें कीं ही गायकाची स्वाक्षरी. पण क्षणभर विचार करावा. आंधळ्या माणसानें, न अडखळतां, ओळ न सोडतां, कारकुनी वळणाचें असें अक्षर काढणें संभवत नाहीं. कंपनीनें जाहिरातीसाठीं कोणा सुशिक्षित हाताकडून तें लिहविलें असावें, हेंच सरळ दिसतें. शिवाय तीं अक्षरें छायाचित्राबरोबरच छापलेलीं आहेत. त्याच्या जितक्या प्रती, तितक्यांवर तीच अक्षरें. अशी एखादी प्रत 'गायकाची अस्सल स्वाक्षरी' म्हणून विकावयास आली, तर घेणारा दोनदां फसतो. ती शाई नव्हे, छपाई आहे. आणि मुळांत जी शाई होती तीहि त्याच्या हातची दिसत नाहीं. याच कंपनीनें त्याचीं कांहीं भक्तिगीतें 'डीकन एल. जे. बेट्स' या निराळ्याच नांवानें विकलीं. जेथें माणसाचें नांवसुद्धां कंपनीच्या हातीं, तेथें त्याच्या सहीची कथा काय?

आतां माझ्या चिठीची हकीकत सांगतों. सातवींतील एका मुलानें तीन दिवसांच्या रजेची चिठी आणली. खालीं वडिलांची सही. मोठी ऐटदार, शेवटीं रेघ ओढून दोन टिंबें दिलेली. मला संशय आला. मीं प्रवेशाचें रजिस्टर काढून पाहिलें, तों तेथें वडिलांच्या सहीच्या जागीं डाव्या हाताचा अंगठा. चोर सांपडला म्हणून मला आनंद झाला. मीं त्या मुलाला सर्व वर्गापुढें उभें केलें आणि लबाडी म्हणजे काय यावर दहा मिनिटें बोललों. मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. एक अक्षर बोलला नाहीं. संध्याकाळीं त्याचे वडील शाळेंत आले. वीटभट्टीवरून तसेच आले होते. हात मातीनें भरलेले. ते म्हणाले, "गुरुजी, सही पोरानंच केलीया, पन म्या सांगितलं म्हून केलीया. पोराच्या साळंच्या कागदावर माजा अंगठा नगं वाटला मला." श्रोतेहो, माझी पारख बरोबर होती आणि माझा निवाडा चूक होता. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गापुढें मीं माझी चूक बोलून दाखविली. परंतु आदल्या दिवशींचीं तीं दहा मिनिटें कांहीं परत आलीं नाहींत.

त्या दिवसापासून सह्यांच्या दोन नव्हे, तीन जाती असतात हें मी समजून चाललों. एक, स्वतःच्या हातची. दुसरी, दुसऱ्याच्या हातची पण संमतीनें केलेली. तिसरी, बनावट, म्हणजे फसविण्याकरितां केलेली. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत हा भेद फार प्रामाणिकपणें पाळलेला आहे. धन्यानें स्वतः लिहिलें तर 'दस्तुरखुद्द'; दुसऱ्यानें लिहून दिलें तर त्याचें नांव घालून 'बिकलम'; आणि ज्यास लिहितां येत नाहीं अशा कुणब्याची 'निशाणी नांगर'. नांगराचें तें चित्र सहीइतकेंच खरें मानलें जाई, आणि तें सहीचें सोंग घेत नसे. अमेरिकेंतहि ज्यास सही येत नसे तो कागदावर फुलीची खूण करी, आणि लिहिणारा त्या फुलीभोंवतीं त्याचें नांव घाली. त्या काळच्या गायकाच्या नांवाभोंवतीं अशी फुली सांपडली, तर जाणता संग्राहक तिला हलकी मानीत नाहीं. ती त्या माणसाच्या हाताची साक्ष आहे. तिच्या जागीं कोणी वळणदार सही आणून ठेवली, तर संशय त्या सहीचा घ्यावा.

पण सही कोणाच्या हातची हें ठरवावयाचें कसें? त्यासाठीं ताडून पाहण्यास एखादी निर्विवाद सही जवळ हवी. विकत घेतलेली सही विकत घेतलेल्या दुसऱ्या सहीशीं ताडून उपयोग नाहीं. दोन्ही एकाच बनावट हातच्या असूं शकतात. म्हणून पारखी लोक सरकारी कागदांकडे वळतात. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, १९१७ आणि १९१८ सालीं, अमेरिकेंत सुमारें २ कोटी ४० लाख पुरुषांची सैन्यासाठीं नोंदणी झाली. प्रत्येकाच्या कार्डावर नोंदणाऱ्यानें सही किंवा खूण केली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं पुन्हां अशीच नोंदणी झाली. लेड बेली या नांवानें प्रसिद्ध असलेल्या हडी लेडबेटरचें १९४२ सालचें कार्ड अभ्यासकांना ठाऊक आहे. १९३६ च्या अखेरीपासून सामाजिक सुरक्षा योजनेचे अर्ज सुरू झाले. त्यांवरहि अर्जदाराची सही असते. याशिवाय लग्नाचे परवाने, न्यायालयाचे कागद आणि करारनामे. हे कागद विकण्यासाठीं केलेले नव्हते, हाच त्यांचा मोठा गुण. गायक म्हणून नव्हे, साधा नागरिक म्हणून त्या माणसानें तेथें हात उमटविला आहे.

येथें रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट सांगितली पाहिजे. १९३६ च्या नोव्हेंबरांत सॅन अँटोनिओ येथें आणि १९३७ च्या जूनमध्यें डॅलस येथें त्यानें एकंदर २९ गीतें ध्वनिमुद्रित केलीं, आणि १६ ऑगस्ट १९३८ रोजीं ग्रीनवुड गांवाजवळ, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो वारला. त्याच्या मृत्यूचा दाखला एका संशोधकानें १९६८ सालीं शोधून काढला. त्यावर मृत्यूच्या कारणाच्या जागीं 'डॉक्टर नव्हता' एवढेंच लिहिलेलें आहे. त्याच्या हाताचा माग काढावयाचा तर १९२९ आणि १९३१ सालच्या त्याच्या दोन विवाहांच्या सरकारी कागदांकडे जावें लागतें. स्वाक्षरी केलेलीं छायाचित्रें वाटीत फिरावें असें त्याचें जीवन नव्हतें. तेव्हां कोणी त्याची सही असलेलें छायाचित्र किंवा गाण्याची वही पुढें केली, तर कागदाकडे पाहण्यापूर्वींच 'ही आजवर कोठें होती' असें विचारावें.

सही ताडतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. माणसाचें अक्षर आयुष्यभर एकसारखें राहत नाहीं. हाउलिन वुल्फ या नांवानें गाजलेला चेस्टर बर्नेट चाळिशी उलटेपर्यंत जवळजवळ निरक्षर होता. शिकागोस आल्यावर, स्वतःचा वाद्यवृंद चालवीत असतांना, तो मोठ्या माणसांच्या शाळेंत जाऊं लागला आणि लिहावयास शिकला. पुढें त्यानें हिशेब ठेवण्याचेंहि शिक्षण घेतलें. माझ्यासारख्या मास्तराला ही हकीकत वाचून किती समाधान झालें असेल तें सांगावयास नको. पण पारख्यासाठीं तिचा अर्थ असा कीं, त्याच्या आरंभींच्या काळाची म्हणून जर सराईत, धांवती सही पुढें आली, तर ती शंकास्पद होय. उलट उदाहरण हँडीचें. तो प्रकाशक होता, त्याचा पत्रव्यवहार मोठा होता, त्यामुळें त्याच्या सह्या पुष्कळ आहेत. परंतु १९४३ सालीं न्यूयॉर्कमध्यें भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडून त्याची दृष्टि गेली. त्यानंतर तो १९५८ पर्यंत जगला. डोळस हँडीची सही आणि अंध हँडीची सही यांना एकच माप लावून चालणार नाहीं.

मग नांवाचा घोळ. सनी बॉय विल्यम्सन या नांवाचे माउथऑर्गन वाजविणारे दोन प्रसिद्ध गायक होऊन गेले. पहिला जॉन ली विल्यम्सन. १९३७ पासून त्याच्या मुद्रिका निघाल्या, आणि १ जून १९४८ रोजीं शिकागोंत त्याचा खून झाला. दुसरा राइस मिलर. त्यानें १९४१ पासून आर्कॅन्सॉ राज्यांतील हेलेना येथील नभोवाणी केंद्रावर तेंच नांव घेऊन कार्यक्रम केले, आणि तो १९६५ सालीं वारला. सहींत नांव एकच, माणसें दोन. दुसरा १९६३ आणि १९६४ सालीं युरोपांत हिंडला. तेथें त्याच्या सह्या घेणारे पुष्कळ भेटले. पहिल्याचा काळ मात्र सह्या मागण्याचा नव्हता. तेव्हां अशी सही पहिल्याची म्हणून कोणी आणली, तर ती दुसऱ्याची नाहीं कशावरून, हें आधीं पाहावें.

आतां शाई आणि कागद. हा भाग शास्त्राचा आहे, आणि तो मला फार उपयुक्त वाटतो, कारण येथें मतभेदास जागा थोडी. बॉलपेन अमेरिकेंत प्रथम विक्रीस आलें तें २९ ऑक्टोबर १९४५ रोजीं, न्यूयॉर्कमधील गिंबेल्स नांवाच्या दुकानांत, साडेबारा डॉलरला एक. जाड, कुबट वासाच्या शाईचे मार्कर १९५० नंतरचे, आणि बारीक टोंकाचीं स्केचपेनसारखीं पेनें १९६० नंतरचीं. बेसी स्मिथ ही थोर गायिका १९३७ सालीं वारली; बॉलपेननें केलेली तिची सही म्हणजे मेलेल्या माणसानें पाठविलेलें पत्र. रॉबर्ट जॉन्सनच्या गीतांचा जो प्रसिद्ध मोठा संग्रह कोलंबिया कंपनीनें काढला तो १९६१ चा, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनीं. त्याच्या वेष्टनावर त्याची सही असूं शकत नाहीं. कागदाचेंहि तसेंच. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यांत कांहीं रसायनें घालण्याची रीति १९५० च्या सुमारापासून रूढ झाली. असा कागद अंधारांत अतिनील प्रकाशाखालीं धरला तर निळसर चमकतो. जुना कागद मंद राहतो. १९२८ ची म्हणून आणलेली सही चमकत्या कागदावर असली, तर पुढील तपासणीची गरज उरत नाहीं.

पण याचें उलट खरें नाहीं, हें विसरूं नये. जुना कागद मिळविणें कठीण नसतें. जुन्या पुस्तकांचीं कोरीं पानें फाडून त्यांवर बनावट सह्या करणारे लोक असतात. कागद खरा ठरला म्हणून सही खरी ठरत नाहीं. येथें भिंग कामास येतें. जुन्या कागदाला घडी पडलेली असते. घडी पडण्यापूर्वीं सही झाली असेल, तर घडीवर शाईची रेघ झिजून तुटलेली दिसते; घडी पडल्यानंतर झाली असेल, तर फुटलेल्या तंतूंमध्यें शाई पसरलेली दिसते. छापील सही असेल, तर भिंगाखालीं एक तर ठिपके दिसतात, नाहीं तर रेघ चित्राच्या अंगांतच मुरलेली असते. तिरप्या उजेडांत शाईची चकाकी किंवा टांकाचा दाब आढळत नाहीं.

शेवटीं रेघेची चाल. हें तर आम्हां मास्तरांच्या ओळखीचें क्षेत्र. आपली सही करणारा माणूस अक्षरें काढीत नाहीं, हात धांवतो. आरंभाला रेघ बारीक, मध्यें जाड, शेवटीं निमुळती होत हवेंत जाते. नक्कल करणारा अक्षरें काढतो. तो नमुन्याकडे पाहतो, थांबतो, पुन्हां पुढें सरकतो. त्यामुळें रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, बारीक थरथर असलेली, आणि नको तेथें टांक उचललेली दिसते. शेवट बोथट असतो. म्हाताऱ्या माणसाच्या हाताचा कंप निराळा आणि भ्यालेल्या नकलाकाराचा निराळा. म्हाताऱ्याचा हात कांपतो पण अडत नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, एकाच माणसाच्या दोन खऱ्या सह्या तंतोतंत कधीं जुळत नाहींत. सह्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या आणि केसाचाहि फरक दिसला नाहीं, तर त्यांतील एक गिरवलेली आहे, असें खुशाल समजावें.

इतकें असूनहि जुन्या गायकांच्या खऱ्या सह्या अजिबात नाहींत असें नाहीं. त्या कशा निर्माण झाल्या ती गोष्ट मोठी हृद्य आहे. १९६० नंतर कांहीं तरुण संग्राहक, जुन्या मुद्रिकांवरील नांवें हातीं घेऊन, त्या गायकांच्या शोधास निघाले. मिसिसिपी जॉन हर्ट यानें १९२८ सालीं एका गीतांत आपल्या अ‍ॅव्हलॉन गांवाचें नांव घेतलें होतें. तेवढ्या धाग्यावरून १९६३ सालीं तो त्याच गांवीं शेतावर काम करीत असतांना सांपडला. १९६४ च्या जून महिन्यांत सन हाउस हा न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं सांपडला, आणि स्किप जेम्स मिसिसिपींतील एका रुग्णालयांत. तीस-पस्तीस वर्षांनीं हीं माणसें पुन्हां व्यासपीठावर आलीं, आणि या वेळीं समोर वह्या घेतलेलीं मुलें होतीं. युरोपांत १९६२ पासून 'अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल' या नांवाचे दौरे सुरू झाले. १९६३ च्या दौऱ्यांत लॉनी जॉन्सन आणि व्हिक्टोरिया स्पिव्ही हीं १९२५-२६ पासूनच्या मुद्रिकांचीं गायक मंडळी होतीं. त्या दौऱ्यांच्या कार्यक्रमपत्रिकांवरील सह्या संग्राहकाला भरंवशाच्या वाटतात, कारण त्या स्वतःच कांहीं साक्ष देतात. पत्रिका कोणत्या सालची, त्या सालीं कोण आलें होतें, हें छापलेलेंच असतें. जो त्या दौऱ्यांत नव्हता त्याची सही तींत आढळली, तर चोरी उघडी पडते.

म्हणून नव्यानें हा छंद धरणाऱ्यास मी सांगेन तें इतकेंच. सहीपूर्वीं हकीकत विकत घ्यावी. कोणीं, कोठें, कोणत्या दिवशीं घेतली. त्याच्याकडून कोणाकडे गेली. मध्यें एखादी कडी तुटली आहे काय? तिकिटाचा तुकडा, सोबतचें पत्र, त्या रात्रीचें छायाचित्र, हीं लहान लहान कागदांचीं चिटोरीं सहीहून मोलाचीं. आणि 'अस्सल असल्याबद्दलचें प्रमाणपत्र' सोबत आहे एवढ्यावर भुलूं नये. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. या तपासखात्यानें 'ऑपरेशन बुलपेन' या नांवाची मोहीम चालवून, खेळाडूंच्या व नामांकित माणसांच्या बनावट सह्यांचा मोठा व्यापार उघडकीस आणला. त्या सह्यांबरोबर प्रमाणपत्रेंहि होतीं. ज्यास सही बनवितां येते त्यास प्रमाणपत्र बनविणें काय अवघड?

कोणी म्हणेल, श्रीमंत संग्राहक फसला तर त्यांत एवढें दुःख कसलें? त्याचे पैसे गेले, दुसऱ्याचे आले. मला तसें वाटत नाहीं. बनावट सहीनें खरा तोटा होतो तो ज्याच्या नांवानें ती केली त्या माणसाचा. राजे आणि मुत्सद्दी यांचे हजारों कागद शिल्लक असतात. एक खोटा त्यांत शिरला तरी बाकीचे त्याला खोटें पाडतात. ज्याच्या उभ्या आयुष्याचे पांच-सहा कागद उरले आहेत, त्याच्या नांवावर एक खोटा कागद चढला, तर त्याच्या चरित्राचा मोठा भाग खोटा होतो. तो लिहीत होता कीं नव्हता, त्या सालीं तो कोठें होता, स्वतःला काय म्हणवून घेत होता, हें सारें त्या एका कागदावरून पुढचे लोक ठरवूं लागतात. बेसी स्मिथच्या बाबतींत खोटी हकीकत किती काळ टिकते हें दिसलें आहे. मोटारीच्या अपघातानंतर गोऱ्यांच्या रुग्णालयानें तिला परत पाठविलें म्हणून ती वारली, असें १९३७ सालीं एका संगीतविषयक नियतकालिकांत छापून आलें. तिला थेट क्लार्क्सडेल येथील कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयांत नेलें होतें, हें अपघातस्थळीं मदत करणाऱ्या डॉक्टरच्या साक्षीसह तिच्या चरित्रकारानें १९७२ सालीं मांडलें. मध्यें ३५ वर्षें गेलीं, आणि तेवढ्यांत ती खोटी हकीकत नाटकाचा विषयहि होऊन बसली.

त्याच बेसीला कोलंबिया कंपनीकडून प्रत्येक गीतामागें ठराविक रक्कम मिळे; मुद्रिका लाखांनीं खपली तरी त्या खपाचा हिस्सा तिच्याकडे येत नसे. ती वारल्यावर फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमींत तिच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्यें, म्हणजे ३३ वर्षांनीं, तो बसविला गेला. त्याचा खर्च गायिका जॅनिस जॉप्लिन हिनें आणि लहानपणीं बेसीच्या घरीं काम केलेल्या एका बाईनें मिळून दिला. ज्या बाईचें नांव दगडावर घालण्यास तेहतीस वर्षें लागलीं, तिचें नांव खोट्या शाईनें कागदावर घालून त्याचे पैसे करणें, हें मला नुसत्या लबाडीहून वाईट वाटतें.

तेव्हां संग्राहकानें आपल्या वहींत कांहीं पानें कोरीं ठेवण्याची तयारी ठेवावी. वरच्या बाजूस नांव लिहावें, जन्ममृत्यूचीं सालें लिहावीं, आणि खालीं 'सही उपलब्ध नाहीं' इतकेंच लिहावें. असें कोरें पान लाजिरवाणें नव्हे. त्या माणसाला सही शिकण्याची संधि कां मिळाली नाहीं, शिकला असेल तर ती कोणीं कां मागितली नाहीं, हें तें पान सांगत राहतें. आणि त्याचा आवाज तर ध्वनिमुद्रिकेंत आहेच, तो कोणाला गिरवितां येत नाहीं.

माझ्या शाळेच्या त्या जुन्या रजिस्टरांत वीटभट्टीवरील त्या गृहस्थांचा अंगठा अजून असेल. शाई आतां फिकी झाली असेल, पण तो त्यांच्याच हाताचा आहे. त्यांच्या मुलानें केलेली ती ऐटदार सही असलेली चिठी मात्र मीं फाडून टाकली होती. आज ती जवळ असती, तर तिच्या कोपऱ्यांत मीं स्वतः 'बिकलम' असा शब्द लिहून, पुढें त्या मुलाचें नांव घालून, जपून ठेविली असती.